गाळात प्रोटीन आहे, पण पाणी कुठून आलंय?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पनीर, दही आणि ताक बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. सांडपाणी रोज साधारण १ लाख लिटर, आत येणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला १२०० मिलिग्रॅम. ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा, गाळ फिल्टर प्रेसवर दाबून, उन्हात वाळवून प्रयोगशाळेत पाठवला, तर प्रोटीन ४१ टक्के निघालं. पशुखाद्याचा एक व्यापारी तो पोत्यात भरून न्यायला तयार आहे. ईटीपी सांभाळणारा तरुण इंजिनिअर विचारतो, "काका, सोयाडीओसीच्या (तेल काढलेल्या सोयापेंडीच्या) जवळ जाणारा माल आम्ही पैसे देऊन फेकतोय. यातून प्रोटीन वेगळं काढून जनावरांच्या खाद्यात घालता येईल का? काढायचं कसं?"

सगळ्यात आधी, तो व्यापारी टेम्पो घेऊन आला तर त्याला परत पाठवा. नमुन्याचं एक पोतंसुद्धा देऊ नका. कारण सविस्तर सांगतो, कारण तुमचा प्रश्न चांगला आहे आणि नुसतं "नाही" म्हणून तुमच्या मालकांचं समाधान होणार नाही. अठ्ठावीस वर्षं मी बडोद्याच्या आसपासच्या ईटीपींवर काम केलं. एअरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडून जिवाणू वाढवायच्या टाकीत, आपण अन्न वाढवतो आणि पुढे खड्ड्यात पुरतो, ही बोच मलाही लागलेली आहे.

आता ते ४१ टक्के. प्रयोगशाळेने प्रोटीन मोजलेलं नाही. तिने केल्डाल पद्धतीने नायट्रोजन मोजला आणि त्याला ६.२५ ने गुणलं. प्रोटीनमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, त्यावरून हा गुणक आला. सोयाबीनला तो बऱ्यापैकी लागू पडतो, गाळाला पडत नाही. गाळ म्हणजे मुख्यतः जिवंत-मेलेले जिवाणू, आणि जिवाणूंच्या सुक्या वजनात न्यूक्लिक आम्लंच साधारण ८ ते १५ टक्के असतात. त्यांच्या पेशीभिंतीतही नायट्रोजन असतो. हा सगळा नायट्रोजन अहवालात प्रोटीन म्हणून धरला जातो. २००८ मध्ये चीनमध्ये पातळ केलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच चाचणीला फसवण्यासाठी. मेलामाइनचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. सुमारे ३ लाख बाळांना त्याची बाधा झाली. तुमच्या गाळात कोणी काही मिसळलेलं नाही, पण आकडा त्याच वाटेने फुगतो.

एक गंमतीचा योगायोग सांगतो. गाळातल्या जिवाणूंचं जे सूत्र आपण सगळे कॉलेजात पाठ करतो, पाच कार्बन, सात हायड्रोजन, एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन, ते हूवर आणि पोर्जेस यांनी १९५२ मध्ये मांडलं, आणि त्यांचं काम दुधाच्या सांडपाण्यावरच होतं. त्या सूत्रात नायट्रोजन १२.४ टक्के बसतो. ६.२५ ने गुणा, ७७ टक्के प्रोटीन येईल! प्रत्यक्षात जिवाणूच्या पेशीत ते त्यापेक्षा बरंच कमी असतं. तुमच्या गाळात राखही आहे, म्हणून खरं प्रोटीन ३० टक्क्यांच्या आसपास निघेल असा माझा अंदाज आहे. खात्री हवी असेल तर पुढच्या वेळी "ट्रू प्रोटीन" आणि अमिनो आम्लांचा अहवाल मागा. त्याबरोबर एकूण राख आणि आम्लात न विरघळणारी राख, म्हणजे माती-वाळू, हीसुद्धा बघा.

तरी ३० टक्केही काही कमी नाहीत. जिवाणूंचं प्रोटीन दर्जालाही वाईट नसतं, लायसिन आणि मिथिओनिन ही अमिनो आम्लं त्यात बरी असतात. मग काढायचं कसं? अडचण अशी की हे प्रोटीन पेशीच्या आत बंद आहे, आणि पेशीभिंत चिवट असते. ती फोडायला कॉस्टिक सोडा घालून पीएच १२ पर्यंत नेतात, वर उष्णता देतात, कुणी अल्ट्रासाउंड वापरतं, कुणी एन्झाइम. थर्मल हायड्रोलिसिसचे मोठे प्लांट गाळाला १६० अंशांच्या पुढे, वाफेच्या दाबाखाली शिजवतात. पेशी फुटली की प्रोटीन पाण्यात येतं. मग घन भाग सेंट्रिफ्यूजने काढून टाकायचा आणि निवळलेल्या पाण्यात आम्ल घालून पीएच साडेतीन-चारवर आणायचा. त्या पीएचला प्रोटीन दुधासारखं फाटून खाली बसतं. पनीर बनवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

पण कॉस्टिक आणि उष्णता एकत्र आले की प्रोटीनही बिघडतं. लायसिनचा काही भाग लायसिनोॲलॅनिन नावाच्या पदार्थात बदलतो, आणि त्याने उंदरांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं प्रयोगांत दिसलेलं आहे. दुधाची साखर सोबत असेल तर उष्णतेने ती लायसिनला चिकटते, माल तपकिरी होतो आणि पचत नाही. म्हणजे ज्या लायसिनसाठी खटाटोप, तेच पहिल्यांदा हातचं जातं. धातूंचंही असंच आहे. पीएच १२ ला बरेच धातू घन भागात राहतात, पण जस्त, शिसं, ॲल्युमिनियम हे आम्लातही विरघळतात आणि कॉस्टिकमध्येही. तुम्ही प्रायमरीला, म्हणजे गाळ खाली बसवायच्या पहिल्या टप्प्याला, फटकडी वापरत असाल, तर ते ॲल्युमिनियम प्रोटीनबरोबर पाण्यात उतरणार हे धरून चला.

आता पाटी घेऊन बसा आणि माझ्याबरोबर हिशेब करा. १ लाख लिटर पाणी, १२०० मिलिग्रॅम बीओडी, म्हणजे रोज १२० किलो बीओडी. एक किलो बीओडीमागे साधारण ०.४ किलो सुका गाळ धरला तर रोज ४८ किलो गाळ. त्यात खरं प्रोटीन ३० टक्के, म्हणजे १४ किलोच्या वर थोडं. काढताना ६० टक्के हाती लागलं तर साडेआठ किलो. सोयाडीओसीत ४६ टक्के प्रोटीन आणि भाव ४० रुपये किलो धरा. तुमच्या साडेआठ किलोची किंमत साडेसातशे रुपयांच्या आत-बाहेर येते. खर्चाच्या बाजूला, गाळ ३ टक्क्यांपर्यंत घट्ट केला तरी १६०० किलो ओला माल ३० अंशांवरून १२० अंशांवर न्यायचा आहे. त्याला बॉयलरमध्ये वीसेक घनमीटर नैसर्गिक वायू जळेल. ५० रुपये दर धरला तर इथेच हजार रुपये गेले. कॉस्टिक, आम्ल, सेंट्रिफ्यूजची वीज, वाळवणं आणि माणसाची पाळी अजून मांडलेलीच नाही. उष्णता परत मिळवायची व्यवस्था केलीत तरी तुमच्या आकाराच्या कारखान्यात हा ताळा बसत नाही.

आणि हिशेबाची दुसरी बाजू मला जास्त टोचते. एक लिटर दुधाचा बीओडी साधारण १०० ग्रॅम असतो. तुमचा रोजचा १२० किलो बीओडी म्हणजे १२०० लिटर दूध रोज गटारात गेल्यासारखं आहे! १२०० लिटर दुधात जवळपास ४० किलो प्रोटीन असतं, तेही माणसाने प्यावं असं. सगळा बीओडी दुधाचाच नाही हे मला माहीत आहे, त्यात पनीरच्या पाण्याचा वाटा मोठा असणार आणि त्यात साखर जास्त, प्रोटीन कमी. तरीसुद्धा चित्र हेच आहे: उत्तम प्रोटीन आपण पाण्यात सोडतो, ब्लोअर चालवून ते जिवाणूंना खाऊ घालतो, आणि मग त्या जिवाणूंना शिजवून साडेआठ किलो संशयास्पद प्रोटीन परत काढायचा विचार करतो.

संशयास्पद का म्हणतो? कारण ईटीपीत नुसतं दूध येत नाही. सीआयपीचं, म्हणजे यंत्रं न उघडता आतून धुण्याचं, कॉस्टिक आणि नायट्रिक आम्ल येतं, फरशीचे जंतुनाशक येतात, कूलिंग टॉवरमधून सोडून दिलेलं पाणी (ब्लोडाउन) त्यातल्या जंतुनाशक बायोसाइडसकट येतं. प्रेसला घातलेली पॉली, म्हणजे गाळ गोळा करणारं रसायन, गाळातच राहते. आणि आपल्याकडच्या कारखान्यांत एक गोष्ट मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता आधी तीच विचारतो: संडास-मुतारीची लाइन कुठे जाते? ड्रॉइंगमध्ये ती सेप्टिक टँकला जाते. जमिनीखाली कुठे जाते ते वेगळं.

माझ्या उमेदीच्या काळातली एक गोष्ट. एका खाद्यपदार्थांच्या कारखान्याचा गाळ दिसायला फार स्वच्छ होता, वासही येत नसे. व्यवस्थापनाच्या संमतीने एका कुक्कुटपालकाने तो वाळवून थोडा-थोडा खाद्यात घातला. आठवड्याभरात कोंबड्यांची विष्ठा पातळ झाली, खालचं तूस ओलं राहू लागलं, खाणं कमी झालं. मला बोलावलं तेव्हा मी आधी मीठ तपासलं आणि ते खरोखरच खूप जास्त निघालं. पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरच्या रिजनरेशनचं खारं पाणी सरळ ईटीपीत येत होतं. मीठ कळलं म्हणून आम्ही तिथेच थांबलो असतो. पण मी संडासात हिरवा फ्लोरेसिन रंग ओतायला सांगितला आणि स्वतः ईटीपीच्या इनलेटवर उभा राहिलो. वीस मिनिटांत पाणी हिरवं झालं. त्या दिवशी माझ्या पोटात जे कालवलं ते अजून आठवतं. त्या गाळाला चांगला म्हणणाऱ्यांत मीही होतो.

तुम्ही हा रंगाचा प्रयोग करा. एक दिवस काढा, प्रत्येक चेंबरचं झाकण उघडा. संडास, कँटीन, वर्कशॉप, प्रयोगशाळेचं सिंक, बॉयलर हाउस, एकेक करून.

माणसाची विष्ठा आली की विषय तिथेच मिटतो, कितीही शिजवा. जंतू मरतात, पण माणूस खातो ती औषधंही त्यातून येतात. इथे "जनावर पचवून टाकेल" हा भाबडेपणा आहे. गाईने अफ्लाटॉक्सिन बी-१ हे बुरशीचं विष असलेली पेंड खाल्ली की तिच्या दुधात त्याचंच एम-१ हे रूप उतरतं, म्हणून तर तुमच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये दुधाची ती चाचणी होते. जनावरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने त्यांची मढी खाणारी गिधाडं संपत आली आणि २००६ मध्ये त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद करावा लागला. ब्रिटनमध्ये जनावरांच्या अवशेषांची भुकटी गाईंना खाऊ घातली, त्यातून मॅडकाऊ पसरला आणि १९९६ मध्ये माणसांतल्या आजाराशी त्याचा संबंध उघड झाला. तिथेही "वाया जाणारं प्रोटीन परत वापरू" हाच विचार होता. त्या रोगाचा प्रायॉन, म्हणजे रोग पसरवणारं बिघडलेलं प्रोटीन, साध्या शिजवण्याने नष्ट होत नाही.

म्हणून युरोपचा कायदा याबाबत अगदी सरळ आहे. २००९ च्या ७६७ क्रमांकाच्या नियमावलीत शहरी, घरगुती आणि औद्योगिक सांडपाण्यापासून निघालेला कुठलाही टाकाऊ पदार्थ पशुखाद्यात घालायला बंदी आहे, पुढे त्यावर काहीही प्रक्रिया केलेली असो. मात्र तिथेच एक तळटीप आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्यात दिसतं. अन्न-कारखान्यातल्या स्वतंत्र नळांतून वाहणाऱ्या प्रक्रियेच्या पाण्याला ती "सांडपाणी" म्हणत नाही. म्हणजे पाणी एकदा सामाईक गटारात पडलं की खेळ संपला, त्याआधी वेगळ्या नळीत स्वच्छ राहिलं तर ते अजून अन्नाच्या बाजूला आहे.

आपल्याकडे जनावरांच्या मिश्रखाद्यासाठी आयएस २०५२ हे भारतीय मानक आहे. पण त्याही आधी तुमच्या जीपीसीबीच्या (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) सीसीए या एकत्रित परवानगीपत्रात गाळ कुठे पाठवायचा ते लिहिलेलं असेल, ते पान काढून वाचा. सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तुमचा जैविक गाळ आणि फटकडीचा प्रायमरी गाळ एकाच खड्ड्यात पडत असतील, तर तो व्यापारी नेमकं काय घेऊन जाणार होता याचा विचार करा.

वेगळ्या नळीचं म्हणतो ते हवेतलं नाही. फिनलंडमध्ये १९७५ मध्ये पेकिलो नावाची पद्धत कारखान्याच्या पातळीवर सुरू झाली. कागदाच्या लगद्यातून निघणाऱ्या सल्फाइट द्रावावर बुरशी वाढवायची आणि ती वाळवून जनावरांना द्यायची. ती बरीच वर्षं चालली, कारण द्राव एकाच प्रक्रियेतून येत होता, त्यात काय आहे ते रोज माहीत होतं, आणि बुरशीही निवडलेली एकच होती. आपल्या एअरेशन टँकमध्ये कोण कोण राहतं ते आपण निवडत नाही. उलट इंग्लंडमध्ये आयसीआयने मेथॅनॉलवर जिवाणू वाढवून "प्रुटीन" नावाचं खाद्य केलं, प्रचंड फर्मेंटर उभारला, माल उत्तम होता, पण सोयाच्या भावापुढे टिकला नाही. सोयाचा भाव ही या सगळ्या धंद्याची खरी परीक्षा आहे. इंदूर-उज्जैनच्या पट्ट्यातून डीओसीचे ट्रक जोवर आपल्या दाराशी येताहेत, तोवर तुम्हाला त्या भावाच्या खालीच उतरावं लागेल.

महापालिकेच्या मैलापाण्याच्या गाळाबद्दल कुणी विचारेल म्हणून दोन ओळी. आपल्या बडोद्यातच गाजरावाडीला भाभा अणुसंशोधन केंद्राने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देऊन गाळ निर्जंतुक करणारं केंद्र उभं केलं. देशातलं ते या क्षेत्रातलं फार मोलाचं काम आहे आणि त्याचा मला बडोदेकर म्हणून अभिमान आहे. पण तो गाळ शेतात खत म्हणून जावा यासाठी ते होतं. किरणांनी जंतू मरतात, कॅडमियमसारखा विषारी धातू तिथेच राहतो.

तर तुम्ही काय करायचं? दूध गटारात पडण्याआधी पकडा. टँकर आणि साठवण टाक्या रिकाम्या केल्यावर पहिल्या धुण्याचं पाणी, कॉस्टिक फिरवण्याआधीचं, हे म्हणजे पातळ दूधच असतं. पाइपात अडकलेलं दूध हवेने ढकलून घ्या, मग थोड्याच पाण्याने पहिलं खळखळून घ्या आणि ते वेगळ्या स्टीलच्या टाकीत सोडा. ते पुन्हा उत्पादनात घ्यायचं की नाही हे तुमची क्यूसी आणि अन्नसुरक्षेचे नियम ठरवतील. नाही घेतलं तरी जनावरांसाठी ते निर्मळ आहे.

पनीरच्या पाण्याचंही तसंच. चीजच्या व्हेपेक्षा (चीज करताना सुटणाऱ्या पाण्यापेक्षा) यात प्रोटीन कमी असतं, कारण पनीर करताना दूध तापवल्यामुळे व्हेचं बरंच प्रोटीन पनीरमध्येच धरलं जातं. राहते ती मुख्यतः साखर आणि क्षार. पण त्याचा बीओडी लिटरला ३५ ते ४० ग्रॅम असतो, तो ईटीपीत आला की ब्लोअर रात्रंदिवस तेवढ्यासाठी पळतो. हे पाणी ताजं असताना आसपासच्या गोठ्यांना देता येतं. इथे मात्र काळजी घ्या: गाईला एकदम बादल्या लावू नका, साखरेने पोट आंबतं. थोडं-थोडं वाढवत न्या, सोबत सुका चारा हवाच. पत्र्याच्या गॅल्व्हनाइज्ड पिपात कधीही भरू नका, ते आंबट पाणी जस्त खातं. पिंप रोज धुवा. उन्हाळ्यात सकाळी निघालेलं दुपारपर्यंत संपलं पाहिजे, उरलं तर द्यायचं नाही. आणि गोठेवाल्याला पशुवैद्याशी बोलायला सांगा, तुम्ही-मी सांगितलेलं प्रमाण त्याच्या जनावरावर लादू नका.

एवढं केलंत की ईटीपीवरचा भार उतरेल आणि गाळही तेवढ्या प्रमाणात कमी होईल. उरलेल्या पाण्यासाठी एअरेशनच्या आधी ॲनएरोबिक, म्हणजे हवेशिवाय चालणारा, टप्पा बसवायचा विचार मालकांपुढे मांडा. एक किलो सीओडी (बीओडीसारखंच घाणीचं माप, पण रसायनाने मोजलेलं) गेला की सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो, बॉयलर तिथेच आहे, आणि त्या टप्प्यात गाळ फार थोडा तयार होतो. तेलतुपाचा थर मात्र आधी नीट काढा, नाहीतर रिॲक्टर तरंगत्या चोथ्याने भरून जातो.

शेवटी जो जैविक गाळ उरेल तो कंपोस्टकडे जाऊ द्या. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी धातूंच्या मर्यादा आहेत: किलोमागे कॅडमियम ५, शिसं १००, निकेल ५०, क्रोमियम ५०, जस्त १००० मिलिग्रॅम. तुमचा गाळ त्या चाळणीतून काढा. खतासाठी जो गाळ या चाळणीत अडेल, तो गोठ्याच्या जवळपासही फिरकता कामा नये. नेदरलँड्समध्ये झुट्फेनला २०१९ मध्ये दूधधंद्याच्या सांडपाण्याच्या गाळातून काउमेरा नावाचा डिंकासारखा पदार्थ काढायला सुरुवात झाली. तिथेही त्याचे उपयोग शेती आणि उद्योगांत शोधले गेले, खाद्यात नाही. मोठ्या प्रमाणावर काम असेल तर ती दिशा मला पटते.

कुणी तुम्हाला काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांचं सुचवेल, गाळ अळ्यांना आणि अळ्या कोंबड्यांना. अळ्या फार गुणी आहेत, पण कॅडमियम त्या अंगात साठवतात. पनीरच्या फाटलेल्या चोथ्यावर वाढवा, गाळावर नको.

मालकांना दाखवायला कागद लागेल, तो असा करा. सात दिवस रोज पहिल्या धुण्याचं पाणी कॅनमध्ये धरा, लिटर मोजा, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) तुमच्याच लॅबमध्ये काढा. पनीरचं पाणी रोज किती लिटर निघतं ते वेगळं लिहा. त्याच सात दिवसांचा इनलेटचा सीओडी आणि ब्लोअरचं मीटर रीडिंग शेजारच्या रकान्यात घ्या. आठव्या दिवशी फ्लोरेसिनचा प्रयोग करा आणि कुठल्या चेंबरमधून हिरवं आलं ते ड्रॉइंगवर लाल पेनने लिहा. तो तक्ता आणि ते ड्रॉइंग मला पाठवा, मी तुमच्या मालकांशी बोलायला कारखान्यात येईन.